बालकाचे ‘मी’पण आणि घरातले उद्योग



मूल प्रथम बोलू लागते तेव्हा ते स्वतःला बहुधा ‘मी’ म्हणत नाही. घरातली माणसे ज्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने ते स्वतःचा उल्लेख करते. ‘बाळूला पाणी’, ‘चिमीला उचल’ अशी त्याची वाक्ये असतात. यात नवल नाही. ‘पाणी’ या शब्दाचा अर्थ तो कोणीही उच्चारला तरी पाणी एवढाच राहतो. ‘मी’ या शब्दाचा अर्थ मात्र बोलणाऱ्यागणिक बदलतो. आई स्वतःला ‘मी’ म्हणते, बाबाही ‘मी’ म्हणतात, दारावर आलेला दूधवालाही ‘मी’ म्हणतो. मग हा ‘मी’ आहे तरी कोण? हे कोडे सोडविण्यास बालकाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील बराच काळ लागतो.

मराठीने तर या लहान जिवापुढे आणखी एक पेच टाकलेला आहे. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांपैकी एक निवडल्याशिवाय स्वतःविषयी साधे वाक्यही पुरे होत नाही. दोन थोरल्या भावांच्या मागे वाढणारी मुलगी काही काळ ‘मी येतो’ म्हणत असते आणि आईच्या पदराला धरून असलेला मुलगा ‘मी जेवते’ म्हणतो. घरातील मंडळी हसतात. वस्तुतः आपण कोणासारखे आहोत, कोणासारखे नाही, याचा शोध ते मूल घेत असते. अशा वेळी त्याला थांबवून चूक दाखविण्याचे कारण नसते. ‘हो का, येतेस? ये तर!’ एवढे योग्य रूप सहज कानावर पडले की काही दिवसांत वाक्य आपोआप सुधारते.

आपल्या रूपाची ओळखही अशीच हळूहळू होते. अमेरिकेतील संशोधिका ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात मूलभूत मानला जातो. तीन महिने ते दोन वर्षे वयाच्या ८८ बालकांच्या नाकाला नकळत तांबडा ठिपका लावून त्यांना आरशापुढे नेण्यात आले. लहान बालके आरशातल्या मुलाशी खेळू पाहत होती, आरशामागे डोकावत होती. दोन वर्षांच्या आसपासची बालके मात्र आरसा सोडून स्वतःच्या नाकाकडे हात नेऊ लागली. ‘तो मीच’ हे त्यांना उमगले होते. हे वय सर्व समाजांत आणि सर्व मुलांत अगदी एकच असते असे नाही. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाला काजळाची तीट लावतात. तशी तीट लावलेल्या बाळाला आरशापुढे धरले, तर हाच प्रयोग घरच्या घरी विनासायास होतो. फक्त त्याचा निकाल शेजारच्या बाळाच्या निकालाशी ताडून पाहू नये, एवढे पथ्य पाळावे.

आरशातले रूप ओळखले म्हणजे स्वतःची ओळख पटली, असे मात्र नव्हे. मला काय येते, काय येत नाही, काय आवडते, कशाची भीती वाटते, मी कोणाचा कोण लागतो, या सर्वांची मिळून ती ओळख होते. आणि येथेच वडीलधाऱ्या माणसांकडून, बहुतेक वेळा प्रेमापोटीच, एक मोठी गोष्ट घडून जाते. पाहुणे आले की मुलाला पुढे करून ओळख दिली जाते : ‘हा आमचा हट्टी’, ‘ही फार लाजाळू, तोंडच उघडत नाही’, ‘थोरली हुशार आहे, हा मात्र जेमतेम’. रंगाने सावळ्या मुलीला काय काय ऐकावे लागते, ते येथे उच्चारण्याची गरज नाही. मराठी घराघरांतून ते ठाऊक आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाजवळ हे बोलणे तपासून पाहण्याचे साधन नसते. आई सांगते ते खरे, आजी सांगते ते खरे. ‘लाजाळू’ ही आपली ओळख आहे असे त्याने एकदा धरले की पुढच्या पाहुण्यापुढे ते तसेच वागते, आणि घरातली माणसे म्हणतात, ‘पाहा, सांगितले नव्हते?’

याउलट, स्तुतीची चिठ्ठी चिकटविली तर भागेल काय? तेही नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचे याविषयीचे संशोधन १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मुले पाचव्या इयत्तेतील, म्हणजे थोडी मोठी होती. सोपी कोडी सुटल्यावर ज्या मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, ती पुढे अवघड कोड्यांच्या वाटेस जाण्यास कचरू लागली. ज्यांना ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगितले, ती अवघड कामाला अधिक हौसेने भिडली. हुशारीची चिठ्ठीही शेवटी चिठ्ठीच; ती गमावण्याची धास्ती मुलाच्या मनात घर करते.

यावर मराठी भाषेतच एक उतारा आहे, आणि तो फुकट आहे. मराठीत माणूस राग ‘असतो’ असे म्हणत नाहीत; राग ‘येतो’. रडू येते, कंटाळा येतो, भीती वाटते, भूक लागते. जे येते ते जातेही. ‘तू रागीट आहेस’ या वाक्यातून सुटकेची वाट नाही. ‘तुला राग आला आहे’ या वाक्यात ती आहे. रुसलेल्या मुलाजवळ बसून ‘ताईला आधी वाढले म्हणून तुला रुसवा आला ना?’ असे कोणी म्हटले, तर त्याच्या पोटात जे कालवत होते त्याला एक नाव मिळते. राग, रुसवा, हेवा, लाज, धास्ती, हुरहूर असे शब्द बालकाजवळ जितके अधिक, तितके त्याला स्वतःच्या मनाचे चित्र स्पष्ट दिसते. शब्द नसले की ते हातपाय आपटते. त्यावाचून त्याच्याजवळ दुसरे साधन तरी कोणते असते?

तथापि केवळ शब्दांनी भागत नाही. बालकाला स्वतःची खरी ओळख होते ती हातांनी, काही तरी करताना. हा विचार विदर्भाला परका नाही. नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नयी तालीम पुढे आली. हाताच्या उद्योगातून शिक्षण हे तिचे सूत्र होते. पुढे तिची कक्षा सात वर्षांच्या आतील बालकांपर्यंत वाढविण्यात आली. सेवाग्राम येथे पूर्वबुनियादी शिक्षणाचे जे काम झाले, त्यात शांता नारूलकर यांचा वाटा मोठा होता. आंघोळ, केस विंचरणे, अंगण झाडणे, पाणी भरणे, धान्य निवडणे हाच तेथील लहान मुलांचा अभ्यासक्रम होता, आणि मुलाच्या घराशी व आईबापांशी संबंध ठेवणे हे शिक्षकाचे कामच समजले जाई.

लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाला वाहून घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ प्रारंभापासून त्यांच्या सोबतीस होत्या. मारिया माँटेसरींची साधने महाग होती. ताराबाईंनी आणि अनुताईंनी ती शिंपले, बिया, खडे, पाने यांतून उभी केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना साकार झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना मिळालेले अंगणवाडी हे नाव आज गावोगाव प्रत्येकाच्या तोंडी आहे.

आता नागपुरातील घराकडे वळू. इतवारीतला जुना वाडा असो, बेसा-मनीषनगर भागातील चौथ्या मजल्यावरची सदनिका असो की एखाद्या वस्तीतील दोन खोल्यांचे घर असो, उद्योग सर्वत्र आहेत. अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी उरलेले नाही.

हिवाळ्यात घरोघरी संत्री येतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, आणि त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते जणू नेमके बेतलेले फळ आहे. देठाकडे थोडी साल मोठ्या माणसाने सोडवून द्यावी आणि पुढचे काम मुलावर सोपवावे. साल काढताना उडणारा झोंबरा तुषार डोळ्यांत गेला की ते दचकते, नाक पुसते, पुन्हा हात घालते. फोडी सुट्या होतात, त्या मोजल्या जातात; दुसऱ्या संत्र्यात तितक्याच निघत नाहीत हे लक्षात येते. पांढरे दोरे कोणाला काढून लागतात, कोणाला चालतात. ‘मला दोऱ्यांची आवडत नाही, आजोबांना चालते’, हे साधे वाक्य बोलणारे मूल स्वतःविषयी एक आणि दुसऱ्याविषयी एक अशा दोन गोष्टी शिकलेले असते. दुसऱ्याच्या मनातले आपल्या मनातल्याहून निराळे असू शकते, ही जाण बहुसंख्य मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास येते. १९८३ साली हाइन्झ विमर व योझेफ पेर्नर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे प्रथम नीट दाखवून दिले. संत्र्याची फोड कोणाला कशी हवी, हे विचारत विचारत वाटणारे मूल त्याच रस्त्याने चाललेले असते.

स्वयंपाकघरात असे उद्योग रोजचे आहेत. सांबाराची जुडी निवडणे, तुरीच्या किंवा पोपटाच्या शेंगा सोलणे, कणकेचा एक गोळा स्वतः मळणे, लाटी पाटावर थापणे, ताटे मांडताना माणसे मोजणे. यात वेळ जातो, सांडलवंड होते, हे खरेच आहे. निवडलेल्या सांबारात निम्म्या काड्या राहतात. पण ती भाजी त्या रात्री ताटात येते आणि ‘आजचा सांबार हिने निवडला’ असे जेवताना कोणी सहज म्हणते, तेव्हा त्या मुलीला ‘शाब्बास’ची गरज उरत नाही. काय येते ते तिने पाहिलेले असते. हे काम मुलाला आणि मुलीला सारखेच द्यावे. चौथ्या वर्षी मुलाच्या हाती बॅट आणि मुलीच्या हाती लाटणे दिले, तर दोघांनाही अर्धीच ओळख दिली असे होईल.

अंघोळ आणि कपडे ही तर स्वतःच्या शरीराची ओळख करून देणारी रोजची वेळ. गुडघा, कोपर, घोटा, टाच, खांदा ही नावे त्या त्या जागी साबण लावताना सांगावीत. गुंडी स्वतः लावू द्यावी. ती वरखाली लागली तर ताबडतोब सोडवून लावण्याची घाई नको. दोन सदरे पुढे ठेवून ‘यातला कोणता?’ असे विचारावे. सबंध कपाट उघडून ‘तुला काय हवे ते घे’ म्हटले की तीन वर्षांचे मूल गोंधळते. दोनांतून एक निवडणे त्याला झेपते, आणि निवडल्यावर तो सदरा दिवसभर अंगावर वागविणे ही त्या निवडीची जबाबदारीही त्याला कळते.

याच वेळी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती संकोचाने टाळली जाते. शरीराच्या सर्व भागांना नावे असतात. गुप्त भागांनाही ती असावीत, आणि मुलाला ती ठाऊक असावीत. हे शरीर तुझे आहे. आंघोळ घालताना आईबाप किंवा आजी, आणि आई जवळ असताना डॉक्टर, यांखेरीज कोणी तेथे हात लावू नये. लावला आणि ‘सांगू नकोस’ म्हटले, तर ते पहिल्यांदा घरी सांगायचे. एवढे शांत स्वरात, भीती न घालता, पुनःपुन्हा सांगावे. नातेवाइकाच्या मांडीवर बसण्यास किंवा पापा देण्यास मूल नको म्हणत असेल, तर ‘अरे, काका आहेत ना!’ म्हणून त्याला पुढे ढकलू नये. त्याचा नकार तेथे मोडला, तर इतरत्र तो टिकेल कसा? बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा २०१२ पासून अमलात आहे आणि १०९८ या क्रमांकावर संकटातील मुलांसाठी मदत मिळते. परंतु कायदा पुढे येतो तो मुलाने सांगितल्यावर, आणि सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्द व धीर दोन्ही असावे लागतात.

नात्यांचा एक खेळ आपल्या भाषेत फार सुरेख रंगतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी शंभर वर्षांपूर्वीच टिपून ठेवले आहे की लहान मुलाला ‘तुला भाऊ आहे का?’ विचारले तर ते ‘हो’ म्हणते, परंतु ‘तुझ्या भावाला भाऊ आहे का?’ असे विचारताच ‘नाही’ म्हणून मोकळे होते. भावाच्या जागी उभे राहून स्वतःकडे पाहणे त्याला अजून जमत नाही. मराठीत तर एकच मुलगा आजीचा नातू, मामाचा भाचा, काकांचा पुतण्या, ताईचा धाकटा भाऊ आणि शेजारच्या काकूंचा ‘आमचा राजा’ असतो. जेवताना किंवा दिवे गेलेले असताना ‘तू मामाचा कोण? आणि आजोबा मामाचे कोण?’ अशी साखळी चालवावी. मूल घोटाळते, हसते आणि हळूहळू त्याच्या ध्यानात येते की आपण एकटेच एक नाही. जितकी माणसे तितक्या परींनी आपण कोणाचे तरी कोणी आहोत. त्याच बैठकीत त्याचे नाव कोणी ठेवले, बारशाला आत्याने कानात काय सांगितले, दुसरे कोणते नाव सुचले होते, हेही सांगून टाकावे. स्वतःच्या नावाची गोष्ट मुले कितीही वेळा ऐकतात.

सणांनीही आपले काम चोख बजावलेले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. या प्रथेचा उगम दुसरे रघूजी भोसले यांच्या काळात झाल्याचे सांगितले जाते. चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढीत मुले घरोघर जातात आणि त्यांना बोजारा मिळतो. विचार केला तर हा केवढा प्रसंग! रोज ज्याला दुसरे हात धरून नेतात, ते मूल त्या दिवशी कोणाला तरी नेत असते. बैल त्याचा, दोरी त्याच्या हाती, आणि दार वाजवून बोलायचेही त्यानेच. अलीकडे मात्र सजावटीच्या आणि वेषभूषेच्या स्पर्धांमुळे बैल आईबापच रंगवितात, मूल केवळ छायाचित्रापुरते शेजारी उभे राहते. हे बरे नव्हे. बैलाचे एक शिंग निळे आणि एक हिरवे झाले तरी चालेल. रंगाने माखलेली बोटे मुलाची असावीत.

भुलाबाईच्या दिवसांत गाणी संपल्यावर झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखण्याची जी पद्धत आहे, तीही अशीच गुणाची. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि तर्क लढवायचा. आपले कान आणि नाक काय काय सांगू शकतात, याचा पत्ता मुलांना तेथे लागतो. एरवीही डोळ्यांवर रुमाल बांधून दाणे, पोहे, साखर, तूरडाळ बोटांनी ओळखण्याचा खेळ घरी सहज होतो. धावून आल्यावर छातीवर हात ठेवून आतली धडधड मोजावी, नि थोडे बसून पुन्हा पाहावी. आरशावर श्वास सोडून उमटलेल्या धुक्यात बोटाने रेघ ओढावी. सकाळी लांब असलेली आपली सावली दुपारी आखडते, हे गच्चीवर खडूने आखून पाहावे. नागपुरात २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली दडून बसते. त्या दिवसांतले ऊन लक्षात घेता हा प्रयोग एका मिनिटात उरकून आत यावे, हे सांगावयास नको.

या सगळ्याला वेळ कोठून आणावा, असे दोघेही नोकरी करणारे आईबाप विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींतील बहुतेक गोष्टी आंघोळ, स्वयंपाक, जेवण यांच्याच वेळात होणाऱ्या आहेत. त्यासाठी वेगळा तास नको, मुलाच्या वेगाने थोडे हळू चालण्याची तयारी हवी. मुलाला शांत ठेवण्यासाठी हाती दिलेला मोबाईल हा वेळ वाचवितो खरा, पण तो मुलाच्या वाट्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वर्षाच्या आतील व एक वर्षाच्या बालकाला पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. कमी तितके चांगले. पडद्यावरचे चित्र मुलाला पुष्कळ दाखविते, परंतु ‘हे तू केलेस’ असे ते त्याला कधीही सांगू शकत नाही.

दुसरी घाई शाळेची. तिसरे वर्ष लागताच पेन्सिल हाती देऊन अक्षरे गिरविण्यास बसविणारे वर्ग शहरात थोडे नाहीत, आणि पालकांची मागणी असते म्हणूनच ते चालतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्प्यात घातली आणि तेथे खेळ व कृती यांवर भर दिला. शेंगा सोलणारी, गुंडी लावणारी, कणीक मळणारी बोटेच पुढे पेन्सिल नीट धरतात. त्याआधी पाटीवर अडखळणाऱ्या मुलाला स्वतःविषयी पहिली बातमी मिळते ती ‘मला येत नाही’ अशी. चौथ्या वर्षी ती मिळण्याचे काही कारण नसते.

काही मुले नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, आलेले दोन शब्दही हरवून बसतात. वर्षाच्या सुमारास बाळ आपल्या नावाला प्रतिसाद देत नसेल, तर ‘आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात’ असे म्हणून दिवस घालवू नयेत. अंगणवाडी सेविकेला सांगावे, आरोग्य केंद्रात दाखवावे; प्रथम कान तपासून घ्यावेत. अशा मुलालाही वरचे सर्व उद्योग हवेतच, फक्त त्याच्या गतीने, अधिक वेळा आणि जाणत्या माणसाच्या सल्ल्याने. त्याला काय येत नाही याची यादी सर्वांजवळ असते. काय येते ते टिपणारे घरात एखादे तरी माणूस असावे.

टिपण्यासाठी एक साधी वही पुरते. मुलाचा पंजा हळदीच्या किंवा गेरूच्या पाण्यात बुडवून दर वाढदिवसाला एका पानावर उमटवावा. खाली तारीख, आणि त्याच्याच शब्दांत त्याची उत्तरे : काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणते काम एकट्याला येते. चार वर्षांचे मूल मागल्या वर्षीच्या पंजावर आपला पंजा ठेवून पाहते, तेव्हा आपण वाढलो आणि तरीही तेच आहोत, हे त्याला हाताने कळते. ‘मागच्या वर्षी मी कुत्र्याला भीत होतो, आता नाही’ असे ते स्वतःच सांगू लागते.

उंचीची खूण दाराच्या चौकटीवर करण्याची रीत जुनी आहे. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते. मागे राहिलेल्या खुणांवर घरमालक रंग देतो. त्यांनी दीड मीटर लांबीची कापडी पट्टी घ्यावी, शिंप्याकडे मापाची असते तशी, आणि ती खिळ्याला टांगून तिच्यावर खुणा कराव्यात. दर खुणेपाशी तारीख शाईने घालावी. पेन्सिलीची अक्षरे पुसली जातात. घर बदलताना ती गुंडाळून मुलाच्याच हाती द्यावी आणि नव्या घरात ती कोठे टांगायची हे त्यालाच ठरवू द्यावे. खिळा मात्र जमिनीपासून नेमक्या त्याच उंचीवर ठोकला पाहिजे, नाही तर पहिल्याच दिवशी मूल चार बोटे वाढलेले दिसेल आणि त्याची समजूत घालता घालता संध्याकाळ होईल.